ताटावरचे औषध

शाळा सुटली की तुम्ही दप्तर कोपऱ्यात टाकता आणि थेट स्वयंपाकघराकडे धावता. पोटात कावळे कोकलत असतात. अशा वेळी धाकट्या भावाने नुसती पेन्सिल मागितली तरी तुम्ही त्याच्या अंगावर खेकसता. आईने शाळेतले काही विचारले तर उत्तर द्यावेसे वाटत नाही. पण दोन पोळ्या नि भाजी पोटात गेली, की तुम्हीच पुन्हा हसू-बोलू लागता. म्हणजे चार-पाच तासांच्या भुकेने तुमचा स्वभाव पालटला होता! मग हीच भूक चार-पाच तासांऐवजी सहा महिने टिकली, तर माणसाच्या मनाचे काय होईल बरे?

या प्रश्नाचे उत्तर शास्त्रज्ञांनी प्रत्यक्ष प्रयोग करून मिळवलेले आहे. त्या प्रयोगाची हकीकत आज सांगायची आहे ती एका आजारासाठी. हा आजार बहुधा तुमच्याच वयाच्या मुलामुलींना जडतो. त्यात मूल जेवणच टाकते. त्यावरचे पहिले औषध औषधांच्या दुकानात नसते, घरच्या ताटात असते आणि ते देण्याचे काम आईवडिलांना करावे लागते. ऐकायला हे किती सोपे वाटते! प्रत्यक्षात हे काम इतके अवघड का, ते त्या प्रयोगावरून कळते.

स्टेडियमखालची प्रयोगशाळा

गोष्ट १९४४ सालची. दुसरे महायुद्ध चालू होते. युरोपातील कित्येक शहरांत लोक अन्नावाचून खंगले होते. आपल्याकडे १९४३ मध्ये बंगालच्या दुष्काळाने लाखो बळी घेतले होते. युद्ध संपल्यावर उपाशी लोकांना खायला घालावे लागणार, हे उघड होते; पण महिनोन् महिने अर्धपोटी राहिलेल्या शरीरात काय काय बदल होतात आणि ते भरून कसे काढायचे, याची नीट शास्त्रीय माहिती फारशी उपलब्ध नव्हती. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ अ‍ॅन्सेल कीज यांनी ती मिळवायचे ठरवले. त्यांची प्रयोगशाळा होती विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमखालच्या खोल्यांत!

प्रयोगासाठी ३६ तरुण पुढे आले. युद्धात शस्त्र हाती धरायला त्यांनी तत्त्व म्हणून नकार दिला होता. त्याऐवजी लोकांच्या उपयोगी पडेल असे दुसरे काहीतरी करण्याची त्यांची तयारी होती. त्यांची निवड फार काटेकोरपणे झाली. शरीराने धडधाकट आणि मनाने स्थिर, अशांनाच घेतले. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे आपल्याला तिचा उपयोग आहे.

पहिले १२ आठवडे सर्वांना व्यवस्थित जेवण मिळाले. फेब्रुवारी १९४५ पासून पुढचे २४ आठवडे मात्र अन्न जवळजवळ निम्म्यावर आणले. बटाटे, कोबी, सलगम, काळसर पाव, मॅकरोनी असे युद्धकाळी युरोपात मिळू शकणारे पदार्थ ताटात येत. शिवाय प्रत्येकाने आठवड्याला २२ मैल, म्हणजे सुमारे ३५ किलोमीटर, चालायचे. सहा महिन्यांच्या अखेरीस बहुतेकांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले होते. (असा प्रयोग आज कोणतेही विद्यापीठ करू देणार नाही, आणि ते योग्यच आहे.)

शरीराने काटकसर सुरू केली. नाडी मंदावली, भर उन्हाळ्यात थंडी वाजू लागली, दोन जिने चढायचे म्हणजे संकट वाटू लागले. हे सारे कीज यांना अपेक्षितच होते. आश्चर्य वाटले ते मनातील बदलांचे. हे तरुण दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले. ज्यांनी आयुष्यात कधी चूल पेटवली नव्हती, ते पाककृतींची पुस्तके जमवून रात्री वाचत बसत. ताटातले चार घास कोणी तासभर पुरवून खाई, कोणी त्यात पाणी घालून ते वाढवी, आणि शेवटी सगळेच ताट चाटून पुसून घेत. मित्र, सिनेमा, अभ्यास, गप्पा, कशातच त्यांना गोडी उरली नाही. जरा काही मनाविरुद्ध झाले की चिडचिड होई, नाहीतर माणूस तासन् तास गप्प बसून राही. आपले लक्ष कशातच लागत नाही, अशी त्यांची तक्रार होती. गंमत अशी, की बुद्धिमापनाच्या कसोट्यांत फारसा फरक दिसत नव्हता! त्यांतील काहींना तर आपण हाडकुळे झालो आहोत असे वाटतच नसे. उलट रस्त्यावरची साधी, नेहमीसारखी माणसेच त्यांना जाडी दिसू लागली.

आता ती ध्यानात ठेवलेली गोष्ट आठवा. ही माणसे मनाने स्थिर म्हणून निवडलेली होती. त्यांच्या मनात आधी काही बिघाड नव्हता. बिघाड भुकेने केला.

प्रयोगाचा पुढचा भाग त्याहूनही महत्त्वाचा आहे. जुलैच्या अखेरीस अन्न वाढवायला सुरुवात झाली. तुम्हाला वाटेल, आता सर्वजण आनंदाने नाचू लागले असतील. तसे झाले नाही. पहिले काही आठवडे कित्येकांची चिडचिड आणि उदासी तशीच राहिली, काहींची तर वाढलीच. जीवनसत्त्वांच्या नि प्रथिनांच्या जादा पुड्या देऊन पाहिल्या, पण त्यांनी विशेष फरक पडला नाही. फरक पडला तो भरपूर जेवणाने. नेहमीच्या माणसाला लागते त्याहूनही कितीतरी जास्त जेवण, आणि तेही पुष्कळ महिने चालू ठेवल्याने. शरीर भरत गेले, तसे मन मागाहून हळूहळू ताळ्यावर आले. कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सर्व १९५० साली दोन जाडजूड खंडांत प्रसिद्ध केले. त्यांची पाने तेराशेहून अधिक आहेत.

नाव चुकलेला आजार

आता आपल्या आजाराकडे वळू. त्याचे नाव अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा. १८७३ साली लंडनमध्ये सर विल्यम गल या डॉक्टरांनी आणि त्याच वर्षी पॅरिसमध्ये शार्ल लासेग यांनी, अन्न टाकून खंगत जाणाऱ्या तरुण मुलींची वर्णने प्रसिद्धीस आणली. हे नाव दिले गल यांनी. 'अ‍ॅनोरेक्सिया' म्हणजे ग्रीक भाषेत भूक नसणे. आपण म्हणतो ना, 'माझी भूकच मेली', तसेच. पण हे नाव चुकलेच म्हणायचे! या आजारात भूक मरत नाही. आपले जठर भूक लागल्याची वर्दी मेंदूला देण्यासाठी घ्रेलिन नावाचे एक संप्रेरक सोडते. १९९९ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी त्याचा शोध लावला. या रुग्णांच्या रक्तात ते कमी नसते, उलट वाढलेले आढळते. म्हणजे शरीर हाका मारत असते. पण घास तोंडाजवळ आला की मनात भीतीचा असा काही लोंढा येतो, की तो घास खाली ठेवल्याशिवाय चैन पडत नाही. खाल्ले तर आपण जाड होऊ, ही ती भीती. उंच कड्याच्या टोकाशी उभे राहिल्यावर तुमची छाती धडधडते ना? तशी धडधड भाताच्या मुदीसमोर होते अशी कल्पना करा.

तुमच्यापैकी कोणी लगेच विचारील, 'आमची आजी एकादशी करते, श्रावणी सोमवार करते. तिलाही हा आजार आहे का?' मुळीच नाही! आजी दुसऱ्या दिवशी पारणे करते, आणि साबुदाण्याची खिचडी खाताना ती घाबरतही नाही. उपवास ठरलेल्या वेळी सुटतो. या आजारात उपवास सोडण्याची वेळ येतच नाही, आणि तीच तर खरी अडचण आहे. मात्र एखादे मूल एकाएकी भारंभार उपवास धरू लागले, तर घरच्यांनी त्याकडे कौतुकाने न पाहता जरा काळजीने पाहावे. कारले किंवा दोडका न आवडणे ही गोष्टही निराळी. तसे असेल तर आपल्यापैकी निम्मेअधिक आजारीच ठरतील.

हा आजार का होतो? एकच एक कारण सापडलेले नाही. सुरुवात कशानेही होते: कोणाचा टोमणा, वजन कमी करण्याचे खूळ, परीक्षेची धास्ती, कधी साधा तापदेखील. पण टोमणे पुष्कळांना बसतात आणि आजारी थोडेच पडतात. त्यामागे आनुवंशिकता असते. २०१९ मध्ये अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी सुमारे १७ हजार रुग्णांची जनुकीय माहिती तपासली, तेव्हा या आजाराशी निगडित अशा आठ जागा गुणसूत्रांवर सापडल्या. त्यांचे नाते केवळ मनाच्या आजारांशीच नव्हे, तर शरीरातील चयापचयाशीही आहे असे दिसते. मुलींमध्ये तो अधिक आढळतो, पण मुलगेही त्यातून सुटलेले नाहीत. रुग्ण नेहमी काटकुळाच दिसतो असेही नाही. खाण्याशी निगडित असे आणखीही आजार आहेत. त्यांविषयी पुन्हा केव्हातरी.

एकदा का खाणे कमी झाले, की मिनेसोटात घडले तेच येथे घडू लागते. भुकेलेला मेंदू एकाच विचाराभोवती गरगर फिरतो, भीती आणखी वाढते, भीतीमुळे खाणे आणखी कमी होते. मुलगी घरादारासाठी हौसेने केक करते, शिरा करते, पण स्वतः चाखून पाहत नाही. जठराचे कामही मंदावते; अन्न नेहमीपेक्षा जास्त वेळ पोटात राहते. म्हणून दोन घासांनंतर 'पोट भरलं' असे ती म्हणते, तेव्हा ती खोटे बोलत नसते. हाडे, हृदय, मेंदू, सर्वांनाच झळ पोहोचते. तुमच्या वयात तर हाडांची जन्मभराची पुंजी साठत असते. मनाच्या आजारांमध्ये हा फार धोक्याच्या आजारांपैकी एक गणला जातो. बहुतेक वेळा तो वेळीच ओळखला तर बरा होतो, म्हणूनच हा लेख.

आईवडील: आधी आरोपी, मग वैद्य

गल यांना एक गोष्ट बरोबर उमगली होती. रुग्णाची इच्छा असो वा नसो, ठरावीक वेळाने अन्न दिलेच पाहिजे, असे त्यांनी लिहून ठेवले. पण ते देण्याच्या कामी घरची माणसे सर्वांत निरुपयोगी, असेही त्यांचे मत होते. पॅरिसचे प्रख्यात डॉक्टर शार्को तर मुलीला आईवडिलांपासून दूर ठेवण्यावर भर देत. पुढे जवळजवळ शंभर वर्षे हाच विचार मुरत गेला. आईच फार धाक दाखवत असेल, वडीलच लक्ष देत नसतील, म्हणून मूल जेवत नाही, असे बिनदिक्कत सांगितले जाई. पोर डोळ्यांदेखत झिजते आहे आणि दोष आपलाच, असे ऐकून त्या आईबापांची काय अवस्था होत असेल!

वारा फिरला तो लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात. तेथील डॉक्टरांच्या लक्षात आले, की रुग्णालयात परिचारिका रुग्णांजवळ बसतात, धीर देतात, ताट संपेपर्यंत हलत नाहीत, आणि मुली खातात. मग घरी गेल्यावर हेच काम आईवडिलांनी केले तर? जेराल्ड रसेल, ख्रिस्तोफर डेअर, आयव्हन आयस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णालयातून घरी जाणाऱ्या रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटात उपचारांत सारे कुटुंब सामील झाले, दुसऱ्यात रुग्ण एकटाच डॉक्टरांना भेटत राहिला. १९८७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्यांचा आजार लहान वयात सुरू झाला होता आणि फार जुना नव्हता, त्यांना कुटुंबाच्या मदतीने स्पष्टपणे अधिक गुण आला होता. पाच वर्षांनंतर पाहिले तरी तो टिकून होता.

पुढे अमेरिकेत १२ ते १८ वर्षे वयाच्या १२१ मुलामुलींवर असाच अभ्यास झाला. तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. उपचार संपून एक वर्ष झाल्यावर, आईवडिलांनी जेवणाची सूत्रे हाती घेतलेल्या गटात शंभरात ४९ मुले पूर्ण बरी होती, दुसऱ्या गटात २३. म्हणजे ही जादूची कांडी नव्हे. निम्म्या मुलांना आणखी मदत लागली. पण दुपटीहून अधिक फरक ही काही थोडीथोडकी गोष्ट नाही.

घरी काय चालते?

समजा, आठवीतील एका मुलीला हा आजार झाला आहे. सर्वांत आधी डॉक्टर. नाडी, रक्तदाब, रक्तातील क्षार तपासावे लागतात. कारण फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम भरपूर अन्न दिले, तर रक्तातील फॉस्फेट घसरून जिवावर बेतू शकते. किती वेगाने वाढवायचे ते डॉक्टर ठरवतात. प्रकृती नाजूक असेल तर काही दिवस रुग्णालयातच राहावे लागते. त्यानंतर ताट येते आईवडिलांकडे. काय खायचे, किती खायचे, केव्हा खायचे, हे काही काळ मुलीने ठरवायचेच नाही. पाय मोडला तर तुम्ही कुबडी घेता ना? तसा ठरवण्याचा भार काही दिवस दुसऱ्यावर टाकायचा.

दिवसातून पाच-सहा वेळा खाणे, आणि प्रत्येक वेळी जवळ कोणीतरी बसलेले. वरण-भातावर तूप घातले की मुलगी रडू लागते, ताट सरकवते, क्वचित आईला वाटेल ते बोलते. येथे वाद घालून उपयोग नसतो. 'अन्नाला नावं ठेवू नयेत', 'जगात किती मुलं उपाशी आहेत' अशी व्याख्याने तर व्यर्थच. तिला ती सगळी पाठ असतात. धाक आणि लालूच यांचेही तेच. मग चालते काय? थोडे शब्द आणि न हलणारे माणूस.

'आई, नको गं. पोट फुटेल माझं.'

'कळतंय मला, बाळा. फार जड जातंय. हा एक घास घे.'

'तू दुष्ट आहेस!'

'असू दे. मी इथेच बसले आहे. घे.'

वाचायला दोन मिनिटे लागली. प्रत्यक्षात एका जेवणाला दीड-दोन तास लागू शकतात, आणि दुपारी पुन्हा तेच. या काळात मुलगी रागाने बोलते ती तिच्या तोंडून आजार बोलतो आहे, असे समजायला आईवडिलांना शिकवतात. लढाई आजाराशी, मुलीशी नव्हे. एकत्र कुटुंबात आणखी एक पेच असतो. आई म्हणते, पोळी पूर्ण खायची; बाबा म्हणतात, जाऊ दे, अर्धी राहू दे; आजी म्हणते, कशाला पोरीला छळता? अशी एक फट जरी सापडली, तरी आजार तिच्यातून निसटतो. म्हणून मोठ्यांनी आपसातली चर्चा दार लावून करायची आणि ताटाशी एकच बोलायचे.

मिनेसोटाचे तरुण आठवतात ना? अन्न वाढवल्यावरही त्यांची चिडचिड काही आठवडे गेली नव्हती. येथेही तसेच होते. महिनाभर राबूनही मुलगी पूर्वीपेक्षा दुःखी दिसते, आणि 'आपण हिचे वाईट तर करत नाही ना' असे आईवडिलांना वाटू लागते. नेमक्या याच टप्प्यावर पुष्कळ घरे हात टेकतात. शरीर आधी भरते, मन मागून येते, हे ज्यांना ठाऊक असते ते तग धरतात. शरीर सावरले की मधल्या सुट्टीचा डबा पुन्हा तिच्यावर सोपवायचा, मग एखादे जेवण, मग मैत्रिणीकडचा वाढदिवस. गाडे मागे घसरले तर पुन्हा काही दिवस कुबडी. या सर्वाला बहुधा महिने लागतात, कधी वर्षही जाते.

आणि तुम्ही? तुमच्या वर्गातील कोणी डबा सतत वाटून टाकत असेल, सर्वांबरोबर जेवायचे टाळत असेल, उकाड्यातही तिला थंडी वाजत असेल, तर तिला सर्वांसमोर छेडू नका. एकटी असताना विचारा, आणि तिच्या किंवा तुमच्या आईला, नाहीतर विश्वासातल्या बाईंना सांगा. 'कोणाला सांगू नकोस' अशी शपथ तिने घातली असली तरी सांगा. आपल्याच मनात असले विचार घोळत असतील तर तेही सांगा. बोलायला जवळ कोणी नसेल, तर १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी सेवेचा दूरध्वनी क्रमांक आहे. २०२२ पासून तो चालू आहे. रात्रंदिवस लागतो आणि पैसे पडत नाहीत. 'किती जाडी झालीस!' आणि 'किती बारीक झालीस, छान दिसतेस!' ही दोन्ही वाक्ये आपल्या लग्नकार्यांत पानसुपारीसारखी वाटली जातात. तुमच्यापुरती ती बंद करता आली तर पाहा.

घरातच कोणी आजारी असेल, तर त्याच्या ताटावर पहारा देण्याचे काम तुमचे नव्हे, ते मोठ्यांचे. भावंडांचे काम जेवणानंतर सुरू होते. जेवण झाल्यावरचा अर्धा-पाऊण तास या मुलांना सर्वांत जड जातो. खाल्ल्याची रुखरुख मनाला कुरतडत असते. त्या वेळी जवळ बसावे आणि खाणे, वजन, कपडे सोडून कशावरही बोलावे. कॅरम मांडावा, पत्ते पिसावेत. फक्त मुद्दाम हरू नका. ते त्यांना ताबडतोब कळते.